नोंदवहीतील एक नाव

प्रत्येक शाळेत एक जाडजूड नोंदवही असते. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव तीत लिहिलेले असते. सातारा येथील प्रतापसिंह हायस्कुलाची अशीच एक जुनी नोंदवही आहे. तिच्यात १९१४ या क्रमांकापुढे एक नाव आढळते : भिवा रामजी आंबेडकर. दाखल झाल्याची तारीख आहे ७ नोव्हेंबर १९००. हा नऊ वर्षांचा भिवा म्हणजेच आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

हे त्या वेळचे सरकारी हायस्कूल. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या जुन्या राजवाड्यात ते भरत असे. इंग्रजांनी १८४८ साली सातारचे राज्य खालसा केले आणि पुढे राजांच्या वाड्यात रयतेची मुले धडे गिरवू लागली. भिवाने येथे इंग्रजी पहिलीच्या वर्गात प्रवेश घेतला.

शाळेचे दार भिवाला उघडे झाले; परंतु सारेच काही उघडे झाले नाही. साताऱ्यातील आपल्या शालेय दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. तेथे त्यांना इतर मुलांत बसता येत नसे. वर्गाच्या एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर ते बसत. झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यावे लागे. तहान लागली, तर इतर मुले गुरुजींना विचारून नळावर जात. भिवाला मात्र नळाला हात लावण्याची बंदी होती. शिपायाने नळ उघडला, तरच पाणी मिळे. शिपाई नसला, की तहान तशीच राही.

अशा दिवसांत मायेचा एक हातही पुढे आला. आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी भिवाला देत. त्या भाकरीची गोडी बाबासाहेब कधी विसरले नाहीत.

१९०४ पर्यंत भिवा या शाळेत शिकला. १९०७ साली तो मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. पुढे न्यूयॉर्क व लंडन येथे त्याने उच्च शिक्षण घेतले. ज्याला शाळेच्या नळाला शिवता येत नव्हते, तोच पुढे भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या त्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली आणि सार्वजनिक विहिरी व तलाव सर्वांना खुले ठेवले.

भिवाच्या शाळाप्रवेशाचा दिवस, ७ नोव्हेंबर, महाराष्ट्रात २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. बालमित्रांनो, त्या दिवशी भाषणे होतील, हारही घातले जातील. तुम्ही मात्र आणखी एक गोष्ट करा. आपल्या वर्गात कोणी एकटे कोपऱ्यात बसले आहे का, ते पाहा. आणि असेल, तर त्याला आपल्या शेजारी बोलवा. नोंदवहीत नाव लिहिले, म्हणजे मूल शाळेत आले खरे; पण सोबत्यांनी जवळ केले, म्हणजेच शाळा त्याची होते.