दादूंचा कान

सोल म्हटलं की आपल्याला रे चार्ल्स आठवतो, स्टीव्ही वंडर आठवतो. दोघंही दृष्टिहीन. आणि आपले रवींद्र जैन? १९८७ मध्ये दर रविवारी सकाळी परभणी काय, परळ काय, टीव्हीवरच्या 'रामायण'मध्ये त्यांचाच आवाज. बस्स, एवढीच ओळख!

अलिगढला १९४४ मध्ये जन्मलेले, जन्मांध दादू मुंबईत आले. गाणी स्वतः लिहायचे, चाली लावायचे, गायचेही. 'चितचोर'साठी (१९७६) त्यांनी निवडला येसुदास यांचा मल्याळी गळा, सोबत हेमलता. दोन्ही नावं तेव्हा हिंदीत 'सेफ' नव्हती. पण येसुदासना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेमलताला फिल्मफेअर! दादूंना मात्र फिल्मफेअर मिळालं ते 'राम तेरी गंगा मैली'साठी (१९८५). पद्मश्री थेट २०१५ मध्ये. त्याच ऑक्टोबरात ते गेले.

कधी दिसायला लागलंच, तर आधी येसुदासला बघायचंय, असं ते म्हणायचे.