मुलखातील काम पाहून हुन्नर शिकावा

दहावी झालेल्या मुलास कोणता हुन्नर शिकवावा, असा प्रश्न नांदेड व लातूर भागातील शेतकरी बांधवांपुढे दरवर्षी उभा राहतो. शेजाऱ्याच्या मुलाने घेतला तोच विषय घेण्याकडे पुष्कळांचा कल असतो. परंतु आपल्या मुलखात कोणते काम निघते, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

सोयाबीनचेच उदाहरण घ्या. या दाण्याचे साल नाजूक असते. बियाण्याची मळणी करताना यंत्राच्या ढोलाचे फेरे मिनिटास 400 हून अधिक झाले, तर दाण्यास इजा होऊन उगवण घटते. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी लागते. ती न भरल्यास दुबार पेरणीची पाळी येते. मळणीयंत्र चालविणारा जाणता नसेल, तर भुर्दंड शेतकऱ्यासच पडतो.

हीच गोष्ट पुढील प्रक्रियेची. लातूरच्या डाळ गिरण्यांत तुरीस तेल-पाणी लावून, ती वाळवून रोलरवर साल काढतात. ओलावा किंवा रोलरचे अंतर चुकले की चुरी वाढते. अर्धापूरची केळी पिकविण्याच्या शीतगृहात तापमान व इथिलीन वायू नेमका राखावा लागतो. हळद शिजविण्यास वाफेची यंत्रे आली आहेत. या सर्व ठिकाणी जोडारी, संधाता, वीजतंत्री व शीतयंत्रांचा कारागीर यांची गरज पडते. लातूरजवळ 2018 साली रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी झाली. डबे बांधण्याचे कामही याच हुन्नरांवर चालते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील कामे करावीत :

1. गावातील व जवळच्या बाजारपेठेतील यंत्रांची यादी करावी. दुरुस्तीसाठी माणूस कोठून येतो, हेही नोंदवावे.

2. ती यादी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांस द्यावी. तेथील व्यवस्थापन समितीवर कारखानदारही असतात. कोणते विषय वाढवावेत, हे त्यांस या यादीवरून ठरविता येईल.

3. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची माहिती पालकांस सांगावी. त्यान्वये उमेदवारास प्रत्यक्ष कामावर शिकता येते व विद्यावेतनही मिळते.

एकीकडे प्रमाणपत्र असून काम नाही, दुसरीकडे यंत्र बंद पडले असून कारागीर नाही, ही विसंगती दूर होणे शक्य आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी मुलास एक दिवस गिरणीत व एक दिवस दुरुस्तीच्या दुकानात अवश्य न्यावे.