हयातीचा दाखला

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थास दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला सादर करावा लागतो. आपण जिवंत आहोत हे नुसते सांगून भागत नाही, त्याची दप्तरी नोंद व्हावी लागते, आणि गेल्या वर्षीचा दाखला यंदा चालत नाही. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेले रुग्ण बहुधा याच वयाचे असतात, आणि उपचार संपल्यावर अशाच एका दाखल्याची वहिवाट त्यांच्या मागे लागते: ठरावीक मुदतीने रक्त द्यावयाचे आणि त्यातील ‘पीएसए’ नामक प्रथिनाचा आकडा कागदांच्या चळतीत लावून ठेवावयाचा.

शेवटच्या दिवशी यंत्राखालून उठताना रुग्ण विचारतो, ‘डॉक्टर, लाईट घेऊन झाली, आता गेला ना आजार?’ त्या दिवशी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कोणापाशीच नसते. शस्त्रक्रियेत ग्रंथीच काढून टाकली जात असल्यामुळे पीएसएचा उगम नाहीसा होतो आणि काही आठवड्यांतच आकडा जवळजवळ शून्यावर येतो. किरणोपचारात मात्र ग्रंथी जागच्या जागी राहते. किरण पेशीला तत्क्षणी जाळीत नाहीत, तर तिच्या केंद्रातील डीएनएचे धागे तोडून ठेवतात, आणि ती जखमी पेशी पुढे केव्हातरी विभाजनास प्रवृत्त झाली म्हणजे तेव्हा मरते. प्रोस्टेटच्या पेशींची विभाजनाची गती मुळातच मंद असल्याने हा आकडा तळाला जाण्यास दीड-दोन वर्षे, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ लागतो. उपचारानंतर तीन महिन्यांनी पीएसए शून्य नाही म्हणून घाबरणे हे पेरणीनंतर आठवड्याने कणसे मोजण्यासारखे आहे.

न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत १९७९ साली हे प्रथिन प्रोस्टेटच्या ऊतींतून शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने १९८६ साली या चाचणीला प्रथम मान्यता दिली ती निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. निरोगी माणसांतील रोग हुडकण्याच्या कामी मान्यता मिळाली १९९४ साली. रोग हुडकण्याच्या कामी या चाचणीच्या उपयोगाबद्दल आजही वाद चालतात. परंतु उपचारानंतरचा पहारा हे तिचे मूळचे काम असून तेथे तिची योग्यता निर्विवाद आहे.

हा पहारा करावा कसा, याचा निवाडा २००५ साली अमेरिकेतील फीनिक्स शहरी भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने केला. किरणोपचारानंतर पीएसए ज्या नीचांकापर्यंत उतरला, त्यात २ मिळवावेत. आकडा तेथवर चढल्यास रोग परतला असे मानावे. नीचांक ०.४ असेल तर ही सीमा २.४ ठरते. आपल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात अधिक जोखमीच्या २२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ प्रोस्टेटला किरण दिलेल्यांपैकी ८१.२ टक्के, तर ओटीपोटातील लसीका ग्रंथींनाही किरण दिलेल्यांपैकी ९५ टक्के रुग्ण पाच वर्षे पीएसएच्या दृष्टीने रोगमुक्त राहिल्याचे आढळले. हा निष्कर्ष ज्या पायावर उभा राहिला तो पाया म्हणजे त्या रुग्णांनी वर्षानुवर्षे दिलेले रक्त होय.

सामान्यतः पहिली पाच वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी ही तपासणी होते. समजा, कोणाचे आकडे ५, २.१, १.१, ०.६ असे उतरत आले, आणि मग एकाएकी ०.९ व १.३ झाले. घरात रात्रभर झोप लागत नाही. परंतु उपचारानंतरच्या एक ते तीन वर्षांत असा तात्पुरता उसळा पुष्कळांना येतो, विशेषतः ग्रंथीतच किरणोत्सारी बीजे रोवून उपचार केलेल्यांना आणि तुलनेने तरुण रुग्णांना. आणि तो आपोआप ओसरतो. म्हणून एकट्या आकड्यास साक्षीला बोलावू नये. अनेक आकड्यांची रांग काय सांगते ते ऐकावे. चाचणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी, आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असताना करू नये, कारण त्यानेही आकडा फुगतो. ज्यांना हार्मोनची इंजेक्शनेही दिली होती, त्यांचा पीएसए इंजेक्शने थांबून टेस्टोस्टेरॉन परतू लागला की किंचित वर येतो. त्यांनी टेस्टोस्टेरॉनही मोजून घ्यावे, आणि या औषधांनी हाडे ठिसूळ होत असल्यामुळे हाडांच्या घनतेकडेही लक्ष द्यावे.

पीएसएच्या नादात शरीराच्या अन्य तक्रारी मात्र दडपल्या जाऊ नयेत. गुदाशय प्रोस्टेटला पाठीमागून चिकटून असल्याने त्यालाही थोडे किरण लागतात, आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी शौचाच्या वेळी रक्त पडू शकते. आपल्याकडे अशा वेळी मूळव्याध समजून परस्पर इलाज सुरू होतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तपासणाऱ्या डॉक्टरांस किरणोपचार झाल्याचे आधी सांगावे, कारण गुदाशयाच्या किरण लागलेल्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी काढल्यास जखम न भरता गुदाशय आणि मूत्रमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडण्याचा धोका असतो. लघवीतून रक्त आल्यास मूत्राशय दुर्बिणीतून पाहून घ्यावे. लैंगिक क्षमता हळूहळू, दोन-तीन वर्षांत उणावते. या विषयी संकोचाने मौन धरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि इलाज उपलब्ध असूनही ते त्याला मुकतात.

आकडा खरोखरच सीमा ओलांडून गेला, तरी त्याच दिवशी नवा उपचार सुरू होतो असे नाही. तो दुप्पट होण्यास तीन महिने लागले की तीन वर्षे, हे आधी पाहिले जाते. रोग कोठे आहे हे शोधण्यासाठी प्रोस्टेटच्या पेशींवरील विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य टोचून ‘पीएसएमए पेट’ तपासणी केली जाते. आणि मंदगतीच्या रोगात वयोवृद्ध रुग्णाला नुसत्या देखरेखीखाली ठेवणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

हयातीचा दाखला देण्यास जाताना निवृत्त गृहस्थाच्या पोटात गोळा येत नाही. पण नोव्हेंबर महिना तो विसरतही नाही, आणि जुन्या कागदांची चळत सोबत नेण्यास चुकत नाही. पीएसएच्या बाबतीत तेवढी शांतता आणि तेवढीच शिस्त अंगी बाणली, तर पुढील वर्षांचा पुष्कळसा भार हलका होईल.