नऊ मिनिटांची राखण : सारिका काळे आणि खो-खोतील संरक्षक स्त्री

सारिका सुधाकर काळे या धाराशिवच्या खो-खोपटू. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार त्याआधी १९९८ मध्ये कर्नाटकच्या शोभा नारायण यांच्या रूपाने मिळाला होता. मधली २२ वर्षे कोरडी गेली. पुरस्कार मिळाला तेव्हा सारिका काळे तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत होत्या. कारकीर्द एवढ्या चार ओळींत मावते, पण तिच्यात नेमके काय मोजायचे हा प्रश्न उरतोच. खो-खोत प्रत्येक खेळाडूला आक्रमणही करावे लागते आणि संरक्षणही. आक्रमणाचे गुण फलकावर दिसतात. पारंपरिक सामन्यात संरक्षणाची फक्त वेळ नोंदली जाते.

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर खो-खोचे वृत्त एका ठरावीक साच्यात येते. खेळाडूच्या नावापुढे कंसात ‘२:१०, १:५० मि. व ३ गुण’ असे काहीतरी असते. पहिले दोन आकडे संरक्षणाचे : पहिल्या डावात ती किती वेळ टिकली आणि दुसऱ्या डावात किती. शेवटचा आकडा तिने बाद केलेल्या गड्यांचा. हा कंस वाचता येणारा वाचक सामना न पाहताही सांगू शकतो की संघाला कोणी तारले. राखण करणाऱ्याची कामगिरी मिनिटा-सेकंदांत लिहून ठेवणारे सांघिक खेळ जगात फार नाहीत.

फुटबॉलशी तुलना केली की हा फरक उघडा पडतो. कॅनडाची बचावपटू कदेशा ब्युकॅनन ही आजच्या महिला फुटबॉलमधल्या नामांकित बचावपटूंपैकी एक. जन्म १९९५, टोरांटोचा. २०१५ चा विश्वचषक कॅनडातच झाला आणि त्या स्पर्धेतली सर्वोत्कृष्ट तरुण खेळाडू म्हणून तिची निवड झाली. पुढे फ्रान्सच्या ल्यों संघाकडून तिने युरोपातली चॅम्पियन्स लीग पाच वेळा जिंकली आणि २०२२ मध्ये ती इंग्लंडच्या चेल्सीकडे गेली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कॅनडाने सुवर्ण जिंकले ते सहा सामन्यांत अवघे सहा गोल करून. त्या सहा सामन्यांत त्यांच्यावर झाले चारच गोल. ब्राझीलविरुद्धची उपान्त्यपूर्व लढत गोलशून्य राहिली, आणि स्वीडनविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा सुटून पेनल्टीवर गेला. हे पदक बचावफळीचे होते असे म्हणायला हरकत नाही. पण त्यात ब्युकॅननचा स्वतःचा वाटा किती, हे सांगणारा एकही सर्वमान्य आकडा नाही. न झालेला गोल कोणाच्या खात्यावर लिहायचा? फुटबॉलमधल्या बचावपटूची कीर्ती त्यामुळे पदकांच्या यादीवर आणि जाणकारांच्या शब्दावर उभी राहते.

खो-खोत घड्याळ साक्षीला असते. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. मधोमध ३० सेंटिमीटर रुंदीची पाटी आणि तिच्या दोन टोकांना दोन खांब. पाटीवरच्या आठ चौकोनांत आक्रमक संघाच्या आठ जणी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी धावते. समोरचा संघ तिघींच्या तुकड्या करून मैदानात उतरतो. पारंपरिक सामन्यात एक पाळी ९ मिनिटांची आणि प्रत्येक संघाला आक्रमणाच्या व संरक्षणाच्या दोन-दोन पाळ्या. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी आत येतात. उशीर झाला तर तेवढ्यावरूनही बाद. सगळी फळी नऊ मिनिटांच्या आत संपली, तर पहिली तुकडी पुन्हा उतरते.

नियमांची बंधने आक्रमकावर जास्त आहेत, आणि संरक्षकाची सगळी विद्या त्या बंधनांवर जगते. आक्रमक बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे जाऊ शकत नाही. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला मागे फिरता येत नाही, खांदाही उलटा वळवून चालत नाही. दिशा बदलायची, तर खो द्यायचा किंवा खांबापलीकडचे मुक्त क्षेत्र गाठायचे. खोसुद्धा मागून, हाताचा स्पर्श करून, मोठ्याने उच्चारूनच द्यावा लागतो. संरक्षक मात्र पाटी हवी तेव्हा, हवी तिथून ओलांडते. तिला फक्त सीमारेषेच्या आत राहायचे असते आणि बसलेल्या खेळाडूला अंग लावायचे नसते.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात तरबेज संघ दहा-पंधरा सेकंदांत गडी उचलतो. चांगली संरक्षक धावणारीकडे बघतच नाही म्हटले तरी चालेल. तिची नजर बसलेल्यांच्या गुडघ्यांवर आणि टाचांवर असते. उठण्याच्या तयारीत असलेल्या खेळाडूची टाच आधी उचलली जाते. ती दिसली की संरक्षक अर्धे पाऊल त्या बाजूला टाकते, खो मिळालेली मुलगी त्या बाजूने सुटते आणि संरक्षक पाटीवरून उलट बाजूला निघून जाते. हीच हुलकावणी. दोन प्रकार मुख्य. साखळी पद्धतीत संरक्षक बसलेल्या प्रत्येकीच्या मागून-पुढून नागमोडी पळत एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाते. गोलाच्या खेळात ती खांबाजवळच्या तीन-चार जणींभोवतीच घिरट्या घालते. साखळीला दम लागतो आणि गोलाला डोके. तुकडीतल्या तिघींपैकी एकीच्या मागे आक्रमक लागली की बाकीच्या दोघी श्वास घेतात, म्हणून तिघींपैकी कोणी कधी पुढे व्हायचे हे आधी ठरलेले असते. खांबाजवळ उभे राहणे सर्वांत धोक्याचे, कारण तिथे आक्रमक खांबाला धरून पूर्ण अंग झोकून गडी टिपते.

बरोबरीच्या सामन्यात संरक्षण थेट निकाल लावते. जादा डावानंतरही कोंडी फुटली नाही, तर लघुत्तम आक्रमणाचा डाव होतो : दोन्ही संघ आळीपाळीने आक्रमण करतात आणि पहिला गडी बाद व्हायला लागलेला वेळ मोजला जातो. कमी वेळ घेणारा जिंकतो. अशा वेळी वर्षभराच्या सरावाचा निकाल एका संरक्षक मुलीच्या काही सेकंदांवर येऊन ठेपतो.

या खेळाचे आजचे नियम पुण्यात आणि बडोद्यात घडले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास ते पहिल्यांदा लिहून काढले आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने पुढे त्यांत भर घातली. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली; महिलांची स्पर्धा पुढच्याच वर्षी कोल्हापुरात सुरू झाली. भारतातल्या अनेक खेळांत महिलांना राष्ट्रीय स्पर्धेसाठी कित्येक वर्षे ताटकळावे लागले, तसे इथे घडले नाही. १९७१ मध्ये अचला देवरे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून भावना परीख, नीलिमा सरोळकर, उषा नगरकर, सुषमा सरोळकर आणि १९८३ मध्ये वीणा परब. यांतली बहुतेक आडनावे मराठी आहेत. आज ही नावे खेळाबाहेर कोणाला ठाऊक नाहीत, आणि खेळाच्या आत तरी किती जणांना ठाऊक असतील याची शंकाच आहे.

सत्तरच्या दशकातला महिला खो-खो पुणे, मुंबई, बडोदे, इंदूर अशा शहरांत रुजलेला होता. पुढच्या पिढ्यांत त्याचे बळ तालुक्यांकडे सरकले. सोलापूर, धाराशिव, सांगली, बीड या भागांत शाळेच्या पटांगणावर मुलींचा सांघिक खेळ म्हणजे बहुधा खो-खो किंवा कबड्डी. दोन्हींना साहित्य लागत नाही. खो-खोला तर दोन खांब आणि फक्की पुरते. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा अर्धनारी नटेश्वर संघ याच मातीतला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट केला तो फुटबॉलवर, नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर. तो मार्च २०२२ मध्ये पडद्यावर आला. पण जेऊरहून रेल्वेने कुर्डुवाडी आणि तिथून बार्शीमार्गे धाराशिव गाठले, तर वाटेतल्या गावांत मुलींच्या पायांत फुटबॉल क्वचितच दिसेल.

सारिका काळे याच पट्ट्यातल्या. वयाच्या तेराव्या वर्षी त्या काकांबरोबर पहिल्यांदा मैदानावर गेल्या. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारसे कमावता येत नव्हते. आई शिवणकाम करी आणि घराचा मुख्य भार आजी-आजोबांच्या कमाईवर होता. सुमारे दहा वर्षे दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळत होते, असे त्यांनी पुरस्कार जाहीर झाल्यावर मुलाखतीत सांगितले. ज्या खेळात नऊ मिनिटे अखंड वेग धरावा लागतो, त्याची तयारी त्यांनी या आहारावर केली. शिबिरात गेले की दोन वेळचे जेवण मिळे, हेही खेळात टिकून राहण्याचे एक कारण होते. आपल्याकडे ग्रामीण खेळाडूंच्या यशकथा लिहिताना गरिबीला अलंकार म्हणून वापरण्याची खोड आहे. इथे ती सरळसरळ कामगिरीवर परिणाम करणारी बाब होती.

प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी त्यांना घडवले. २०१६ हे वर्ष कारकिर्दीच्या शिखराचे आणि तळाचेही. त्याच वर्षी घरच्या ओढाताणीला कंटाळून त्यांनी खेळ सोडायचे ठरवले होते आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतले होते. आजीने ही गोष्ट जाधवांच्या कानावर घातली आणि त्यांनी समजूत काढल्यावर सारिका पुन्हा मैदानात आल्या. दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पदकांसाठी समावेश होण्याची ती पहिलीच वेळ होती. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी बांगलादेशाला हरवून सुवर्ण मिळवले. देशाबाहेरच्या संघांशी खेळण्याची संधी तोवर इतकी कमी होती, की खो-खोतल्या उत्तम खेळाडूचे आयुष्य राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतच सरून जाई. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतही हा खेळ केवळ प्रात्यक्षिकापुरता होता.

अर्जुन पुरस्काराचा समारंभ २९ ऑगस्ट २०२० रोजी करोनामुळे दूरदृश्य पद्धतीने झाला; राष्ट्रपती भवनातली पायघड्यांची वाट त्या वर्षीच्या मानकऱ्यांच्या वाट्याला आली नाही.

खेळाडूला खरा आधार देते ती नोकरी. महाराष्ट्रात शासकीय व निमशासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरणासारख्या संस्था स्वतःचे खो-खो संघ बाळगतात. मुलीच्या बाबतीत नोकरी लागली तर खेळ चालतो, नाहीतर लग्नाच्या वयाशी त्याची गाठ पडते, हे प्रत्येक तालुक्यातला क्रीडाशिक्षक सांगेल. व्यावसायिक लीगचा पैसा महिलांपर्यंत लगेच पोहोचला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. संघ सहा होते, सगळे पुरुषांचे.

खो-खोच्या नव्या स्वरूपात संरक्षणाचे मोल मात्र गुणांत मोजले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात पहिला खो-खो विश्वचषक झाला. पाळी ७ मिनिटांची, एका गड्याचे २ गुण, आणि एखादी तुकडी ३ मिनिटे टिकली की संरक्षक संघाला १ गुण, पुढे दर ३० सेकंदांना आणखी एक. याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. भारतीय महिला संघाची कर्णधार होती मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याची, पुणे परिसरात घडलेली प्रियंका इंगळे. संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. पहिल्याच सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले. अशा एकतर्फी लढतींतून संरक्षणाची परीक्षा होत नाही.

१९ जानेवारीला नेपाळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ती थोडीफार झाली. भारताने ७८-४० असा विजय मिळवला. पहिल्या पाळीत भारताचे आक्रमण : ३४-०. दुसऱ्या पाळीत नेपाळने २४ गुण घेतले आणि भारताला संरक्षणातून १ मिळाला. तिसऱ्या पाळीनंतर फलक ७३-२४ असा होता. शेवटच्या पाळीत कर्नाटकच्या चैत्रा बी. हिच्या तुकडीने ५ मिनिटे १४ सेकंद काढली. त्याचे ५ गुण मिळाले. भारताच्या ७८ पैकी ७२ गुण आक्रमणाचे आणि ६ संरक्षणाचे, असा हिशेब लागतो. हा हिशेब फसवा आहे. सात मिनिटांच्या पाळीतली सव्वापाच मिनिटे एकट्या तुकडीने खाल्ल्यावर नेपाळच्या हाती पावणेदोन मिनिटेच उरली, आणि पूर्वी २४ गुण घेणारा संघ १६ वर थांबला. वाचवलेले आठ गुण कुठेच लिहिले जात नाहीत. तरी सामन्यातली सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून चैत्राची निवड झाली, म्हणजे परीक्षकांनी फलकाच्या पलीकडे पाहिले.

राष्ट्रीय संघटनेचे पुरस्कार संरक्षण आणि आक्रमण असा भेद न करता वयोगटानुसार दिले जातात : मुलींसाठी ‘इला’ आणि ‘जानकी’, महिलांसाठी ‘राणी लक्ष्मीबाई’. स्पर्धांत मात्र उत्कृष्ट संरक्षक, उत्कृष्ट आक्रमक आणि अष्टपैलू अशी तीन वेगळी बक्षिसे देण्याची पद्धत आहे, आणि ती ठरवताना पंचांच्या टेबलावरची मिनिटांची नोंदच पाहिली जाते. या नोंदी सामना संपला की स्पर्धेच्या कागदपत्रांत बांधल्या जातात. एखाद्या खेळाडूने पंधरा-वीस वर्षांत एकूण किती मिनिटे संरक्षण केले, तिची सरासरी काय, चुरशीच्या सामन्यांत ती किती टिकली, हे त्यांतून काढता येण्यासारखे आहे. क्रिकेटमध्ये असे आकडे शाळकरी पोरांना पाठ असतात. खो-खोत ते काम अजून झालेले नाही, आणि अचला देवरे यांच्यापासून सारिका काळे यांच्यापर्यंतच्या कारकिर्दी पुरस्कारांच्या सालांवरूनच सांगाव्या लागतात.