बट्टा आणि किल्ली

आभासी नाणी : लेखांक सातवा

ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, शनिवार पेठेतल्या एका जुन्या इमारतीत आमच्या ओळखीचे एक काका राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. ही लेखमाला ते पहिल्या लेखापासून वाचतात. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "खाणकाम समजलं, साखळी समजली. आता एवढंच सांग, विकू का ठेवू?"

संध्याकाळी गेलो. टेबलावर चष्म्याची डबी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि भावाचा आलेख उघडा ठेवलेला मोबाइल. दोन वर्षांपूर्वी काकांनी दीड लाखाचे बिटकॉइन घेतले होते. काकू म्हणाल्या, "रात्री दोनला उठून भाव बघतात. याआधी क्रिकेटसाठीसुद्धा असे कधी उठले नव्हते."

मी विचारलं, "काका, ही नाणी आहेत कुठे?"

त्यांनी मोबाइल उचलून दाखवला. "ही काय, ॲपमध्ये."

त्या उत्तराने मला काळजी वाटली. आजचा लेख त्यातूनच सुचला. आपण भावाकडे चोवीस तास डोळे लावून बसतो आणि किल्ली कोणाकडे आहे हे एकदाही विचारत नाही. खरं तर भाव कोणाच्याच हातात नसतो. किल्ली मात्र आपल्या हातात ठेवता येते.

आधी भावाबद्दल. नाण्याची किंमत हलते ही गोष्ट या पेठांना नवीन नाही. पेशवाईत पुण्याच्या बाजारात एकच एक रुपया चालत नव्हता. अंकुशी, चांदवडी, हाळी सिक्का असे वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच वेळी हातोहात फिरत. प्रत्येकाला वेगळा बट्टा, म्हणजे बदलून घेताना होणारी कपात. नाणं झिजलं, लांबच्या मुलखातलं निघालं, टांकसाळीच्या चांदीबद्दल कुजबुज सुरू झाली, की बट्टा वाढायचा. सरकारी खजिन्यात भरणा येई तेव्हा नाणं पारखायला पोतदार बसलेला असे. कंपनी सरकारने १८३५ मध्ये सगळीकडे एकच रुपया लागू केला आणि हा व्यवहार हळूहळू मागे पडला. 'बट्टा लागणे' हा शब्दप्रयोग तेवढा भाषेत राहिला.

अंकुशी रुपयात निदान चांदी होती. भाव कितीही पडला तरी चांदीच्या मोलाखाली फारसा जात नसे. बिटकॉइनच्या खाली असा कुठलाच धातू नाही. शेअरमागे कंपनीचा नफा असतो, घराला भाडं येतं, ठेवीवर व्याज मिळतं. इथे किंमत म्हणजे पुढचा माणूस जे द्यायला तयार होईल ते. त्यात पुरवठा आधीच ठरलेला आहे. एकूण नाणी फक्त २ कोटी १० लाख, आणि त्यातली बहुतेक निघूनही झाली आहेत. एप्रिल २०२४ नंतर दिवसाला साधारण ४५० नवी नाणी येतात. मागणी दुप्पट झाली म्हणून ९०० येणार नाहीत. सोनं महागलं की खाणी जास्त चालवतात, कांदा महागला की पुढच्या हंगामात लागवड वाढते. इथे ती वाटच नाही, म्हणून मागणीतला सगळा चढउतार थेट भावावर येऊन आदळतो.

त्यावर उसनवारीचा थर. परदेशी बाजारांत थोडे पैसे टाकून त्याच्या दहापट, वीसपट सौदे करता येतात. भाव जरा उलटा गेला की ते सौदे आपोआप कापले जातात. त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढचे सौदे कापले जातात. आपल्या शेअर बाजारात निर्देशांक दहा टक्के पडला की व्यवहार थांबवतात, लोकांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. या बाजाराला ना घंटा, ना सुट्टी, ना रात्र. १० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी चीनवर नवं आयातशुल्क जाहीर केलं आणि एका दिवसात १,९०० कोटी डॉलरच्या आसपासचे उसने सौदे कापले गेले. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला बिटकॉइनने सव्वा लाख डॉलरचा उच्चांक पाहिला होता.

मागे वळून पाहिलं तर हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. डिसेंबर २०१७ मध्ये भाव २० हजार डॉलरच्या उंबरठ्यावर होता, वर्षभरात तो सव्वातीन हजारांच्या आसपास आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार, आणि एफटीएक्स हा बाजार बुडाला तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये, १६ हजारांच्या खाली. चारातले तीन हिस्से जाण्याची पाळी या नाण्यावर एकदाच आलेली नाही. म्हणून काकांना मी स्पष्ट सांगितलं की विकू का ठेवू याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ते आहे म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. दीड लाखाचे चाळीस हजार झाले तर महिन्याचा किराणा आणि औषधं यांना धक्का लागणार नसेल, तरच ठेवा.

आता किल्लीकडे येतो. या विषयातला देशातला सगळ्यात मोठा धडा पुण्यातच गिरवला गेला आहे.

अमित भारद्वाज या माणसाने २०१५ च्या सुमारास 'गेनबिटकॉइन' नावाची योजना काढली. एक बिटकॉइन द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के परत घ्या. म्हणजे एकाचे १.८. देशभरातले हजारो लोक त्यात शिरले, त्यात पुणेकर आणि पिंपरी-चिंचवडकरही होते. आपण खाणकाम करून एवढी नाणी मिळवतो, असं लोकांना सांगितलं जाई. मागचा लेख वाचलेल्यांनी एक हिशेब करून पाहावा. २०१६ च्या मध्यापासून दर दहा मिनिटांना साडेबारा नवी नाणी निघत होती. म्हणजे वर्षाला साडेसहा लाखांच्या आसपास, तेव्हाच्या एकूण नाण्यांच्या चार टक्क्यांच्या घरात. सगळ्या जगाच्या खाणी मिळून वर्षाला चार टक्के वाढवतात आणि एक माणूस अठरा महिन्यांत ऐंशी टक्के वाढवून देतो! मागून येणाऱ्यांच्या नाण्यांतून पुढच्यांना दिल्याशिवाय ते शक्यच नव्हतं.

मग हा हिशेब कोणी केला का नाही? इथे भाव आणि चोरी एकमेकांना भेटतात. २०१७ च्या सुरुवातीला हजार डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन डिसेंबरात वीस हजारांना टेकत होता. महिन्याला ०.१ नाणं हाती येत होतं, आणि त्या ०.१ चे रुपयेही दर महिन्याला फुगत होते. चढत्या भावाने सगळ्यांचं समाधान केलं. पुढे बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचं घरचंच नाणं हातावर ठेवायला सुरुवात झाली आणि त्याला बाहेर काही मोल नाही हे कळलं, तोवर खरं नाणं कधीच दुसऱ्याच्या किल्लीखाली गेलं होतं. लोकांनी भाव बघून किल्ली देऊन टाकली होती.

२०१८ मध्ये दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. एप्रिलमध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला दिल्ली विमानतळावर पकडलं. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे या योजनेत गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ च्या भावानेच ६,६०० कोटी रुपये होती. भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये वारला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे सोपवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये साठाहून जास्त ठिकाणी झडत्या झाल्या. ज्यांची नाणी गेली त्यांच्या हाती अजून नाणी आलेली नाहीत.

मला मात्र जास्त शिकवलं ते मार्च २०२२ च्या बातमीने. तपासात मदत करायला पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञ बोलावले होते, त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. आरोपींच्या पाकिटांत, म्हणजे वॉलेटमध्ये, किती नाणी आहेत ते उघडून सांगायचं, हे त्यांचं काम. म्हणजे जुन्या भाषेत पोतदाराचं. पुणे पोलिसांनी या दोघांनाच अटक केली. आरोप असा की पाकिटांतली काही नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली आणि पोलिसांना शिल्लक कमी दिसेल असे फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिले. आरोप सिद्ध होणं न होणं न्यायालयाचं काम आहे. पण असा आरोप होऊ तरी कसा शकतो, हे प्रत्येकाने समजून घ्यायला हवं.

पोलिसांनी गाडी जप्त केली की ती आवारात उभी राहते. दागिने जप्त केले की लाखेची मोहर बसते. बिटकॉइनचं पाकीट मात्र मोबाइल जप्त करून जप्त होत नाही. नाणी मोबाइलमध्ये नसतातच. ती जगभरच्या हजारो संगणकांवरच्या एका उघड्या खतावणीत नोंदलेली असतात. मोबाइलमध्ये असते फक्त ती नोंद हलवण्याची किल्ली. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड आकडा. माणसाला लिहून ठेवता यावा म्हणून तो १२ किंवा २४ साध्या इंग्रजी शब्दांत मांडतात. ते शब्द ज्याच्या नजरेखालून गेले, तो जगात कुठूनही, कुठल्याही मोबाइलवरून नाणी हलवू शकतो. म्हणून जप्ती करायची तर नवं पाकीट बनवून नाणी तिकडे वळवायला हवीत, आणि त्या नव्या पाकिटाचे शब्द कोणा एकट्याकडे राहता कामा नयेत. एप्रिल २०१८ मध्ये सात-आठ हजार डॉलरचं नाणं मार्च २०२२ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास होतं. नाण्यांची चोरी अशी वर्षागणिक मोठी होत जाते.

"पण माझी नाणी तर कंपनीच्या ॲपवर आहेत," काका म्हणाले. "तिथे एवढी माणसं राखण करत असतील."

त्यांना वझीरएक्सची गोष्ट सांगितली. मुंबईत सुरू झालेला हा बाजार एकेकाळी देशातला सगळ्यात मोठा मानला जाई. त्यांच्या एका पाकिटातून नाणी काढायला एक सही पुरत नसे, अनेकांच्या सह्या लागत. तरीही १८ जुलै २०२४ ला त्यातून २३ कोटी डॉलरच्या आसपासची, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपयांची नाणी गेली. ग्राहकांच्या मालमत्तेचा हा ४५ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा होता. सह्या करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही मात्र वेगळ्याच व्यवहारावर झाली, असं कंपनीने सांगितलं. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं जाहीर केलं. बाजाराचे व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्या पंधरा महिन्यांत बिटकॉइन ६४ हजारांवरून लाखाच्या पुढे गेला, आणि ग्राहकांना ना विकता आलं ना काढून घेता आलं.

ॲपवर दिसणारा आकडा म्हणजे कंपनीने आपल्याला दिलेली पावती. किल्ली कंपनीकडे. त्यात लगेच घाबरण्यासारखं नाही, रोज खरेदी-विक्री करणाऱ्याला तेच सोयीचं पडतं. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, तसं इथे काही नाही. वर्षानुवर्षं ठेवायची नाणी स्वतःच्या किल्लीखाली असावीत, असं माझं ठाम मत आहे.

काकांनी शेवटी थोडी नाणी स्वतःच्या पाकिटात घ्यायचं ठरवलं. त्यासाठी पेनड्राइव्हएवढं यंत्र मिळतं. किल्ली त्या यंत्राबाहेर कधी जात नाही, सही आतच होते. ते थेट बनवणाऱ्या कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं, वापरलेलं घेऊ नये. खोक्यात शब्द आधीच छापून आले असतील तर ते यंत्र सरळ परत करावं. तुमचे शब्द तुमच्यासमोर, तुमच्याच यंत्रावर जन्मले पाहिजेत.

रविवारी दुपारी आम्ही बसलो. छोट्या पडद्यावर एकेक शब्द येऊ लागला तसा मी उठून गॅलरीत गेलो. काकांना ते आवडलं नाही. "अरे, तू काय परका आहेस?" मी म्हटलं, "काका, हे शब्द मलाही दाखवायचे नाहीत." फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलासुद्धा पाठवायचे नाहीत, कारण फोटो आपोआप क्लाउडवर जाऊन बसतो. कंपनीचा माणूस, बँकेचा माणूस, पोलीस म्हणवणारा माणूस, कोणीही फोनवर हे शब्द मागितले तर तो चोर समजायचा. आणि चोरी झालीच तर लाजून बसायचं नाही, त्याच तासाला १९३० ला फोन लावायचा. नाणी एका रात्रीत दहा पाकिटांतून फिरतात. सुरुवातीच्या काही तासांत कुठल्या बाजारात पोचली तर तिथे गोठवता येण्याची आशा असते.

शब्द लिहून झाल्यावर आधी पाचशे रुपयांचं नाणं पाठवलं. पाठवताना पाकिटाच्या पत्त्याची फक्त पहिली-शेवटची चार अक्षरं जुळवून चालत नाही, तेवढी अक्षरं सारखी असलेले पत्ते चोर मुद्दाम तयार करतात. काकांनी सगळा पत्ता बोट ठेवून, मोठ्याने वाचून ताडला. नाणं पोचलं. मग मी त्यांना यंत्र पुसायला लावलं.

"आत्ताच तर पैसे टाकले!"

"पुसा. आणि कागदावरून परत आणा."

त्यांनी बारा शब्द भरले. यंत्राने नकार दिला. पुन्हा भरले, पुन्हा नकार. काकांच्या कपाळावर घाम आला. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, चष्मा लावला आणि कागद खिडकीपाशी उजेडात धरला. मी अजून गॅलरीतच. "आठवा शब्द," त्या म्हणाल्या. "तुमचा 'ए' वरून उघडा राहिलाय, तुम्ही 'यू' वाचताय." शब्द बदलला. पाचशे रुपयांचं नाणं पडद्यावर परत आलं.

त्या कागदाची दुसरी प्रत काकूंनी लिहिली, ठसठशीत अक्षरात. एक बँकेच्या लॉकरमध्ये गेली. दुसरी कोथरूडला मुलीकडे, बंद पाकिटात. पाकिटावर काय लिहायचं यावर दोघांची बराच वेळ चर्चा चालली होती. मी निघालो तेव्हा काकू पाकिटाच्या कडेला डिंक लावत होत्या.