हौद्यामागचे लाल दिवे

पिकअपच्या मागच्या दिव्यांच्या नशिबी सगळी घाण येते. नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणारी एखादी जुनी बोलेरो पिकअप बघा. क्रेटमधून गळणारं पाणी, चाकांनी उडवलेला चिखल, परतीच्या फेरीत खताच्या गोण्यांची भुकटी, सगळं त्या लाल काचांमागे जाऊन बसतं. मालक म्हणतो, ‘बल्ब उडालाय, नवा टाका.’ मुरलेला वायरमन आधी बल्ब काढून उजेडात धरतो. तार तुटली असेल तर विषय संपला. शाबूत असेल, तर तो टेस्ट लॅम्प हातात घेतो.

मागच्या बल्बमध्ये तारा दोन असतात, टेलची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. बुडाच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. (जोर लावून तसाच बसवणारे महाभाग आहेतच.) दोन्ही तारांची परतीची वाट मात्र एकच, होल्डरच्या अर्थमधून गाडीच्या पत्र्यात. तिथे गंज चढला की ब्रेकची वीज वाट काढत ५ वॅटच्या तारेत उलटी शिरते आणि टेलच्या वायरीने दुसऱ्याच दिव्यांतून पत्रा गाठते. त्यामुळे ब्रेक दाबला की भलतेच दिवे मिणमिणतात. इंडिकेटरची अर्थही तीच असेल, तर त्याच्या तालावर टेल लॅम्पही लुकलुकतो. इथे डझनभर नवे बल्ब घातले तरी पैसे पाण्यात. अर्थचा बोल्ट सोडून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासायचा, बोल्ट आवळून वर ग्रीस लावायचं. या कामाला सामान जवळपास लागतच नाही, म्हणून मजुरी देताना मालकाचं तोंड वाकडं होतं. खरं तर मजुरी शोधण्याचीच असते.

इंडिकेटर एका बाजूला घाईघाईने टिकटिकू लागला, तर त्या बाजूचा बल्ब गेलेला असण्याची शक्यता जास्त. फ्लॅशर तेच सांगत असतो. कमी वॅटचा एलईडी बसवला तरी त्याची तशीच समजूत होते.

पुढे हेडलाइटला एच-४, ६०/५५ वॅटचा. दोन्ही दिवे पिवळट पडले तर पुन्हा वायर, रिले आणि अर्थच तपासावेत. बल्बपर्यंत १२ऐवजी ११ व्होल्ट पोचले, तर साधारण पाव उजेड जातो. यावर लोकांचा तोडगा म्हणजे १०० वॅटचा बल्ब. जुन्या वायरींना तो झेपत नाही, होल्डर वितळतो. नवा हॅलोजन बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापून काच तिथेच दगा देते.

बल्ब बदलून झाला की हेडलाइटचा रोख भिंतीवर पाहावा, पण रिकाम्या गाडीचा रोख पाहून भागत नाही. हौदा भरला की मागचे पाटे दबतात, नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. माल नेणाऱ्या गाडीचे हेडलाइटचे स्क्रू माल भरूनच फिरवावेत.