हजार तासांचा दिवा

गेल्या उन्हाळ्यात, ऐन वैशाखात, आमचा टीव्ही गेला. गेला म्हणजे आवाज येई, चित्र दिसेना. सोलापूरचे ऊन, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, आणि घरात आईची मालिका बंद! कंपनीचा माणूस आला आणि मागचे झाकण न उघडताच म्हणाला, "पॅनेल गेलंय. या मॉडेलचे भाग आता येत नाहीत. नवा घ्या." संचाला पुरती सहा वर्षेही झाली नव्हती. वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ तीस वर्षे बोलत होता. पण हे त्या पोराला सांगून काय उपयोग?

मी हट्टाने संच रिक्षात घातला आणि नवी पेठेजवळच्या एका बोळात नेला. तिथे एक मास्तर बसतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि शेजारच्या दुकानदाराशी कानडी, असा अस्सल सोलापुरी माणूस. त्यांनी केबल जोडली, दुकानातला दिवा मालवला आणि काचेवर तिरपी बॅटरी धरली. काय सांगू, त्या काळ्या काचेत मालिकेतली सासू अंधुक दिसू लागली!

"पॅनेल जिवंत आहे की, सर. मागचे दिवे मेलेत."

पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात. त्यातले दिवे दिवाळीतल्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले. एक गेला की सगळी रांग अंधारात. शिवाय दुकानात संच झगमगीत दिसावा म्हणून दिव्यांना करंट भरपूर दिलेला, त्यामुळे ते तापून लवकर मरतात. मास्तरांनी पट्ट्या बदलल्या, एक रेझिस्टर काढून करंट जरा उतरवला. उजेड किंचित कमी झाला. खर्च नऊशे रुपये.

आता हे सगळे मुद्दाम करतात काय? प्रत्येक वेळी नसेल. स्वस्त मागणारे आपणच. पण मुद्दाम केल्याचा दाखलाही आहे. 1924 च्या डिसेंबरात जिनिव्हात ओसराम, फिलिप्स वगैरे बड्या दिवेवाल्यांनी 'फीबस' नावाचा संघ काढला आणि ठरवले, की बल्बचे आयुष्य हजार तास. ज्या कारखान्याचा बल्ब फार जगेल त्याला दंड! जास्त टिकणारी तार उजेडाच्या मानाने वीज अधिक खाते, हे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. तरी टिकाऊपणाला दंड? महायुद्धात तो संघ मोडला. इकडे अमेरिकेत लिव्हरमोरच्या अग्निशामक ठाण्यात 1901 पासूनचा एक बल्ब, मिणमिणता का होईना, शंभरी ओलांडून जळत राहिला.

आपल्या काळातली गोष्ट हवी असेल तर ॲपलची घ्या. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग आपण कमी करतो, हे कंपनीने 2017 मध्ये मान्य केले. गिऱ्हाइकांना हे आधी सांगितले नाही म्हणून फ्रान्सने 2020 मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड ठोकला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेर पोर्टलही उघडले. छान झाले. पण पोर्टल माहिती देते, सक्ती करत नाही. आणि मास्तरांना माहितीपेक्षा पट्टी हवी असते.

"ही कुठून मिळाली?" मी विचारले.

"काच फुटलेल्या एका संचातनं काढली. असं जमवूनच चाललंय बघा."

मुलगा हे काम शिकत नाही. तो नव्या मोबाइलच्या दुकानात नोकरीला आहे. मास्तरांचे वडील मात्र जेकॉर्ड चादरी विणत. मी गमतीने म्हटले, "चादर फाटतच नाही म्हणून गिऱ्हाईक परत येत नसेल!"

"येत होतं की. पोरीच्या लग्नाला न्यायला."

निघताना काचेला धक्का लागू नये म्हणून त्यांनी संच एका जुन्या चादरीत गुंडाळला. रिक्षा सुरू झाली तसे मागून ओरडले, "सर, चादर तेवढी परत आणा! वडिलांच्या हातची आहे!"